हलालखोर थांबले म्हणून: १८९६ चा प्लेग आणि मुंबई महापालिकेचे सर्वांत खालचे कर्मचारी

आजचा धागा लांब आहे. १८९६ च्या मुंबईतील प्लेगविषयी आपण बरेच वाचलेले असते: डॉ. व्हिएगस, हाफकिन, गटाकर, पुण्याचा रँड. या धाग्याचा विषय मात्र महापालिकेच्या पटावरील हलालखोर आणि बिगारी हा आहे. साथ सुरू झाली तेव्हा त्यांना काय सांगितले गेले, काय सांगितले गेले नाही, आणि त्यामुळे शहराचे धोरण कसे बदलले, हे पाहू.

प्रथम शब्दांविषयी. ‘हलालखोर’ म्हणजे हलालाचे, कष्टाचे खाणारा. सफाई करणाऱ्यांना हे नाव अकबराने दिले, अशी नोंद ‘आईन-ए-अकबरी’त आहे. मुंबईत हा शब्द थेट प्रशासनाच्या भाषेत शिरला. घरमालकांकडून ‘हलालखोर कर’ वसूल होत असे. ‘बिगारी’ हा तर आपल्या वेठबिगारीतला शब्द. रस्ते झाडणे, कचरा उचलणे, गटारे उपसणे ही कामे बिगाऱ्यांकडे, आणि मैला उचलण्याचे काम हलालखोरांकडे. हलालखोरांत गुजरात-काठेवाडातून आलेल्यांचा भरणा मोठा होता. दोन्ही गट बहुतांशी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे.

त्यांचे काम नीट डोळ्यांसमोर आणले पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. भुयारी गटारे होती, पण ती सर्वत्र पोहोचलेली नव्हती. चाळींच्या मागे दोन इमारतींच्या मधोमध अरुंद बोळ असे. आजही महापालिकेच्या कागदांत त्याला ‘घरगल्ली’ म्हणतात. वरच्या मजल्यांवरील शौचकूप या गल्लीत उघडत, आणि हलालखोर तेथे शिरून मैल्याच्या टोपल्या भरून बाहेर नेत. हे काम रोजचे होते. एक दिवस चुकला तर वास येई, आठवडा चुकला तर शहर राहण्याजोगे उरले नसते.

प्रशासनाला हे पक्के ठाऊक होते. म्हणून तर १८९० साली खास ‘बॉम्बे म्युनिसिपल सर्व्हंट्स ॲक्ट’ करण्यात आला होता. पुरेशी आगाऊ सूचना न देता या कर्मचाऱ्याने काम सोडले, तर तो गुन्हा. इतर नोकराने नोकरी सोडली की पगार बुडतो. याने सोडली की शिक्षा होते. कर्मचाऱ्याशी बोलण्याची प्रशासनाची भाषा कोणती होती, हे या एका कायद्यावरून समजते.

आता सप्टेंबर १८९६. मांडवी बंदराच्या परिसरात, नवरोजी हिल भागात, ताप आणि जांघेत-काखेत गाठी येऊन माणसे मरू लागली होती. २३ सप्टेंबरला डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे महापालिकेच्या स्थायी समितीपुढे मांडले. हे मूळचे गोव्याचे, स्वतः नगरसेवक. (धोबीतलावला मेट्रोसमोर त्यांचा पुतळा आहे; रोज हजारो लोक त्याच्यासमोरून जातात.)

पालिकेचे आयुक्त होते पी. सी. एच. स्नो. ६ ऑक्टोबरला त्यांनी १८८८ च्या म्युनिसिपल ॲक्टखाली अधिसूचना काढली. तिचा गाभा असा: घरांत शिरून तपासणी व निर्जंतुकीकरण करण्याचा अधिकार पालिकेला राहील आणि रुग्णाला सक्तीने वेगळे करून रुग्णालयात हलवता येईल. अधिसूचना शहराला उद्देशून होती. ती अमलात आणायची होती मात्र पालिकेच्याच माणसांनी. कार्बोलिकचे पाणी घेऊन घरांत शिरणारे, गटारे धुणारे, चुना फासणारे हात त्यांचेच.

येथे जरा थांबू. त्या कर्मचाऱ्याच्या बाजूने विचार करा. अधिसूचना छापील आहे आणि तो निरक्षर आहे. त्याच्यापर्यंत पालिकेचा कोणताही शब्द पोहोचतो तो मुकादमाच्या तोंडून. मुकादम म्हणजे त्याला कामावर लावणारा, हजेरी मांडणारा, अनेकदा त्याला कर्जही देणारा माणूस. त्या तोंडून ‘उद्या अमुक गल्ली’ एवढा हुकूम येतो. ‘हा आजार काय आहे, तू आजारी पडलास तर तुझे काय होईल’ हे येत नाही. आणि अधिसूचनेचा अर्थ त्याच्यापुरता सरळ होता: ताप आला की आपल्यालाही उचलून नेणार.

कुठे नेणार? आर्थर रोडच्या रुग्णालयात. हे पालिकेचेच साथरोग रुग्णालय, आजचे कस्तुरबा. तेथे जाणारा बहुधा मरणपंथाला लागल्यावरच पोहोचे, त्यामुळे आत गेलेला परत येत नाही, हा लोकांचा अनुभव डोळ्यांदेखतचा होता. त्याचे कारण मात्र प्रत्येक जण आपापल्या परीने लावीत होता.

अधिकृत शब्द जेथे पोहोचत नाही तेथे दुसरा शब्द पोहोचतोच. रुग्णालयात माणसांना उलटे टांगून ‘मोमियाई’ काढतात, अशी वदंता पसरली. डॉक्टर विष देतात, अशीही. त्याच ऑक्टोबरात कुणीतरी व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासले (ते कृत्य चाफेकरांचे, हे पुढे उघड झाले), आणि अपमानाचा सूड म्हणून राणीने मुंबईकरांची काळजे मागितली आहेत, असे लोक बोलू लागले. आज आपल्याला हसू येते. पण या वदंतांकडे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून पाहिले तर दिसते की त्यांत प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न आहे: हे लोक आमच्या देहाचे काय करणार आहेत? त्याचे विश्वास बसेल असे उत्तर कोणीच दिलेले नव्हते.

शहर रिकामे होऊ लागले. बोटींनी कोकणात, रेल्वेने घाटावर आणि गुजरातेत लोंढे निघाले. फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळपास निम्मी मुंबई बाहेर पडली होती. गिरणीकामगार गेला तर गिरणी बंद पडते, गुमास्ता गेला तर पेढी. पण हलालखोर गेला तर? स्नो यांच्यासमोर ऑक्टोबरात हाच प्रश्न उभा होता, कारण पालिकेचे सफाई कर्मचारीही पळण्याच्या बेतात आहेत अशी चिन्हे दिसत होती. पुढे आपल्या अहवालात त्यांनी लिहिले की हे लोक निघून गेले असते तर मुंबईचा सडक्या विष्ठेचा अवाढव्य उकिरडा झाला असता. सनदी अधिकाऱ्याच्या अहवालात इतकी नागडी भाषा क्वचितच वाचायला मिळते.

१८९० चा कायदा हाताशी होता. पण जीव वाचवायला गावी निघालेल्या हजारो माणसांपुढे कायदा काय करणार? पकडून आणाल, टोपली डोक्यावर द्याल. ज्या घरगल्लीत त्याला मरण दिसते तेथे त्याला रोज शिरायला कसे लावाल?

२९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणीकामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी, ३० ऑक्टोबरला, पालिकेने नवी सूचना काढली: ज्या रुग्णाला घरीच योग्य रीतीने वेगळे ठेवून उपचार करता येतील, त्याला रुग्णालयात नेले जाणार नाही. दोन तारखा शेजारी-शेजारी असल्यामुळे दंगल झाली आणि पालिका नमली, असा सरळ कार्यकारणभाव लावला जातो. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. स्नो यांनी स्वतः या निर्णयाचे समर्थन करताना सफाई कर्मचाऱ्यांच्या संभाव्य पलायनाला फार मोठे वजन दिले. रुग्णालयावर दगड पडले ते सर्वांना दिसले. टोपल्या खाली ठेवल्या जाण्याची शक्यता आयुक्तांना दिसली, आणि ती त्यांना दगडांइतकीच, कदाचित अधिक, भयंकर वाटली.

पुस्तकांत ३० ऑक्टोबरच्या सूचनेला ‘माघार’ म्हणतात. माझे मत जरा वेगळे आहे. त्या महिन्यात पालिकेने आपल्याच माणसांना दिलेली ही पहिली उपयोगाची माहिती होती. ‘साथ गंभीर आहे’, ‘स्वच्छता राखा’ या उपदेशाने हलालखोराचे काहीच हलत नव्हते. ‘तुला किंवा तुझ्या बायकोला ताप आला तर ओढून नेणार नाही’ हे वाक्य मात्र मुकादमाच्या तोंडून आले तरी कळते, आणि खरे की खोटे हे चार दिवसांत पडताळताही येते. हलालखोर आणि बिगारी मोठ्या संख्येने कामावर राहिले. कायद्याच्या धाकाने किती आणि पोटासाठी किती, हा हिशेब वेगळा. पण पालिकेचे सफाई खाते त्या हिवाळ्यात कोसळले नाही.

ही समजूत फार काळ टिकली नाही. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गटाकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली, सूत्रे पालिकेच्या हातून गेली आणि घरझडती, सक्तीचे स्थलांतर पुन्हा सुरू झाले. ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात दंगल उसळली, ती याच सक्तीतून. त्यावर स्वतंत्र धागा लिहीन.

एक गोष्ट मात्र येथेच सांगितली पाहिजे, कारण ती ‘माहिती देणे’ या मुद्द्याच्या मुळाशी जाते. १८९६ मध्ये प्लेगचा जंतू ठाऊक होता; येरसँने १८९४ साली हाँगकाँगमध्ये तो शोधला होता. तो माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हते. पालिकेचे आरोग्य अधिकारी डॉ. वीअर आणि त्यांचे खाते घाण, ओल आणि कोंदटपणा यांवर तुटून पडले होते. गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक सोडणे हे मुख्य शस्त्र. म्हणजे सर्वांत प्रामाणिक अधिकाऱ्याने सर्वांत प्रामाणिकपणे बिगाऱ्याला सावध करायचे म्हटले असते, तरी तो त्याला गटाराच्या वासापासून जपायला सांगता. उंदरांबद्दल बोलला नसता. मांडवीच्या धान्याच्या वखारींत उंदीर मरून पडत होते, हे लोकांनी पाहिले होते. पण त्याचा अर्थ लावून खालपर्यंत पोहोचवणारे कुणी नव्हते.

तो अर्थ लावला पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने. प्लेगच्या कामासाठी तो १८९७ मध्ये हिंदुस्थानात आला आणि जून १८९८ मध्ये कराचीत त्याने प्रयोग करून दाखवला की आजार उंदराकडून पिसवेमार्फत पसरतो. वर्षानुवर्षे त्याची थट्टा झाली. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने काम केले तेव्हा कुठे ते मान्य झाले.

सिमाँने नोंदवलेला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. एका लोकरीच्या गिरणीत सकाळी जमिनीवर पुष्कळ मेलेले उंदीर आढळले. वीस मजुरांना ते उचलून जागा साफ करायला सांगितले. तीन दिवसांत त्यांतील दहा जणांना प्लेग झाला. गिरणीतील बाकीच्या कुणालाही झाला नाही.