भागायचं कशाने?

भातकापणी उरकली की पनवेल तालुक्यात खाचरं सपाट होतात, मांडव पडतात आणि टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. नेरे, वाजे, शिरढोण, गव्हाण, गाव कुठलंही असो, रविवारी माइकवरचा समालोचक घसा फोडत असतो आणि घरी बसलेले तेच सामने मोबाइलवर थेट बघत असतात. चषक कोणी जिंकला यावर फारसा वाद होत नाही, कारण तो सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो. वाद पेटतो ‘उत्कृष्ट फलंदाज’ कोण यावर. समजा एकाने चार डावांत नव्वद धावा केल्या आणि दोनदा नाबाद राहिला. दुसऱ्याने तीन डावांत ऐंशी केल्या, तिन्ही वेळा बाद झाला, पण निम्म्या चेंडूंत. पहिल्याच्या गावचे म्हणतात, दोनदाच बाद, म्हणजे सरासरी ४५. दुसऱ्याच्या गावचे म्हणतात, डावांनी भागा, मग आमचा पोरगा पुढे. आणि मंडपाच्या कडेला उभा असलेला कोणीतरी ओरडतो, ‘अरे भाऊ, रन काय सांगतोस, बॉल किती खाल्ले ते सांग ना!’

धावा एकदा मोजल्या की कोणाचा तक्रारीचा सूर नसतो. भांडण सगळं खालच्या आकड्याचं, छेदाचं. डावांनी भागायचं, बाद होण्यांनी, की चेंडूंनी? या भांडणाचं कूळ शोधत गेलो तर ते लॉर्ड्सवर न थांबता थेट न्यू यॉर्कला, बेसबॉलच्या मैदानात जाऊन पोचलं. हंगामभर आकड्यांवरून एकमेकांच्या जिवावर उठणारे बेसबॉलचे शौकीन आणि आपले नाक्यावरचे पंडित हे चुलत भाऊ आहेत, असं माझं म्हणणं आहे, आणि पुरावा म्हणून माझ्याकडे एक ‘बाकी’ आहे. शाळेत भागाकाराखाली लिहायचो ती.

ढोबळ इतिहास एका ओळीत संपतो. बेसबॉल राउंडर्ससारख्या इंग्लिश खेळांतून आला. अमेरिकनांना ते रुचेना म्हणून १९०७ साली एका समितीने तो ॲबनर डबलडे या सेनानीने १८३९ मध्ये कूपर्सटाउनला शोधला असं जाहीर केलं, आणि आज त्या गोष्टीवर कोणी अभ्यासक विश्वास ठेवत नाही. राउंडर्सचा पक्ष सर्वांत जोरात मांडणारा हेन्री चॅडविक, तो आपला नायक. १८२४ साली इंग्लंडातल्या एक्सेटरला जन्म, १८३७ मध्ये कुटुंबाबरोबर ब्रुकलिनला. पेशा वार्ताहराचा, आणि वार्ता द्यायची ती क्रिकेटची. १८५६ साली होबोकनच्या एलिशियन फील्ड्सवर क्रिकेटचं वार्तांकन करून परतताना त्याने ईगल आणि गॉथम या क्लबांचा बेसबॉलचा सामना पाहिला आणि तो त्या खेळाच्या प्रेमात पडला. मात्र मोजायची सवय क्रिकेटचीच राहिली. सामन्याचा तपशील एका चौकटीत बसवायचा, प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे आकडे मांडायचे, हंगामाच्या शेवटी त्यांची गोळाबेरीज छापायची, हे सगळं त्याने बेसबॉलमध्ये रुजवलं.

आता ती बाकी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडात क्रिकेटपटूची सरासरी दशांशात छापत नसत. ९ सामन्यांत ३१ धावा झाल्या तर लिहायचे ३, आणि वर उरले ४. भागाकार तीन, बाकी चार. आणि १८६० च्या दशकातल्या बेसबॉलच्या वार्षिक पुस्तिका उघडल्या तर तिथे हेच: फलंदाजाच्या नावापुढे सामन्यामागे धावा, आणि त्याला चिकटून उरलेली बाकी. दोन खेळ आपापले वाढले असते तर मोजण्याची ही इतकी खास लकब दोघांत सारखी आली नसती.

प्रतिपक्षाचं म्हणणं असं की चॅडविकला फार श्रेय देऊ नका. ऑक्टोबर १८४५ मध्ये, म्हणजे त्याचा त्या सामन्याशी योग येण्याच्या अकरा वर्षं आधी, न्यू यॉर्कच्या एका दैनिकात न्यू यॉर्क विरुद्ध ब्रुकलिन या बेसबॉल सामन्याची चौकट छापून आली होती. दोनच रकाने: खेळाडू कितीदा बाद झाला आणि त्याने किती धावा केल्या. खरं आहे. पण ती चौकट तरी कुठून आली? बाद आणि धावा, क्रिकेटच्या धावफलकाचंच ते बाळबोध रूप. म्हणजे हा आक्षेप चॅडविकच्या मोठेपणाला थोडा धक्का लावतो, माझ्या मुद्द्याला मात्र बळकटी देतो.

त्याच्या नावावर असलेल्या एका अक्षराचीही अशीच ओढाताण आहे. बेसबॉलचा स्कोअरर फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद झाला की इंग्रजी ‘के’ लिहितो. ‘स्ट्रक’ या शब्दाचं शेवटचं अक्षर, कारण पहिलं अक्षर ‘एस’ त्याने दुसऱ्या कामाला वापरलं होतं, असं चॅडविकपक्षीय सांगतात. दुसरे म्हणतात, ही करामत १८६० च्या दशकातल्या एम. जे. केली नावाच्या वार्ताहराची. मी चॅडविकच्या बाजूने आहे, आणि कारण पुन्हा क्रिकेटच. आपल्याकडच्या वहीत बघा: षटकात सहा चेंडू धावेविना गेले की स्कोअरर तीन-तीनच्या दोन उभ्या ओळींत सहा टिंबं देतो आणि ती रेघेने जोडून ‘एम’ करतो, म्हणजे मेडन. त्याच षटकात बळी पडला असेल तर तीच टिंबं उलटी जोडून ‘डब्ल्यू’. अक्षराच्या आकारातून पूर्ण घटना सांगायची ही वृत्ती क्रिकेटच्या वहीत मुरलेला माणूसच दुसऱ्या खेळात नेतो.

इथपर्यंत वाट सरळ होती. मग मला हेन्रीचा सावत्र भाऊ सापडला आणि मी हरखलो. एडविन चॅडविक, हेन्रीपेक्षा चोवीस वर्षांनी मोठा, इंग्लंडातल्या सार्वजनिक स्वच्छतेचा जनक. त्याचा १८४२ चा अहवाल कोष्टकांनी गाजला. मँचेस्टरमध्ये सुखवस्तू माणसाचं मृत्यूच्या वेळचं सरासरी वय ३८, मजुराचं १७. खेडवळ रटलंडमध्ये ५२ आणि ३८. रटलंडचा मजूर मँचेस्टरच्या साहेबाइतका जगत होता! आकडे हादरवणारे होते. पण १८४४ साली नायसन नावाच्या विमागणिताच्या जाणकाराने त्यांच्यावर नेमका पनवेलच्या मंडपातला आक्षेप घेतला: भागलंस कशाने? मेलेल्यांच्या वयांची बेरीज मेलेल्यांच्या संख्येने भागली तर ज्या वस्तीत मुलं जास्त जन्मतात तिथे सरासरी आपोआप खाली येते, मग हवा कितीही चांगली असो. छेदात जिवंत माणसं हवीत, आणि तीही वयवार.

धाकट्याला हे वेड मोठ्याकडून आलं, असा माझा लाडका तर्क आहे. माणसाची लायकी किंवा वस्तीची अवस्था कोष्टकात उतरते, ही श्रद्धा त्या घराण्याची. विरुद्ध बाजू सांगेल की दोघांमध्ये चोवीस वर्षं आणि एक महासागर होता, आणि हेन्रीला पुरेल एवढं गणित क्रिकेटनेच शिकवलं होतं. मान्य. वजन क्रिकेटच्या पारड्यातच जास्त. तरी एकाच बापाच्या दोन मुलांनी दोन खंडांत सरासरीवरून भांडणं लावून द्यावीत, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

बेसबॉलमध्ये क्रिकेटचा छेद फार काळ टिकणार नव्हता. क्रिकेटमध्ये फलंदाज बाद होईपर्यंत खेळतो, म्हणून बाद होण्याने भागणं शोभतं. बेसबॉलमध्ये प्रत्येकाची पाळी एका सामन्यात चार-पाच वेळा येते आणि पटकन संपते. सामन्याने भागलं तर ज्याला पाळ्या जास्त मिळाल्या तो उगाच थोर ठरतो. १८७० च्या दशकाच्या आरंभी एच. ए. डॉब्सन नावाच्या लेखकाने सुचवलं की धावा सोडा, फटके मोजा, आणि ते पाळ्यांनी भागा. १८७६ मध्ये नॅशनल लीगने तोच हिशेब धरला. नाबादचं कोडं तिथे कायमचं सुटलं.

आपल्याकडे ते सुटलं नाही आणि त्याची गंमत आपण अजून भोगतो. १९५३ च्या इंग्लंड दौऱ्यात ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज बिल जॉन्स्टन १७ डावांत १०२ धावा करून एकदाच बाद झाला, म्हणून सरासरी १०२! ब्रॅडमन आयुष्यभर झगडून ९९.९४ वर थांबला. त्याहून मोठं उदाहरण घरचं आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद होते, ब्रॅडमनच्या ४५२ नाबाद या तेव्हाच्या विक्रमापासून नऊ धावांवर, आणि जेवणाच्या सुट्टीत काठेवाडने सामना सोडून दिला. सरासरीच्या भाषेत तो डाव म्हणजे अंशात ४४३ आणि छेदात शून्य. भाऊसाहेबांना कसोटी एकदाही मिळाली नाही, हे वेगळं आणि जास्त कडू.

आकड्यांवर भांडणं हा रिकामटेकड्यांचा धंदा आहे असं म्हणणाऱ्यांना मी दलित गोलंदाज पालवणकर बाळूंकडे पाठवतो. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी १८.८४ च्या सरासरीने ११४ बळी घेतले. मुंबईतल्या कोणी ते चेंडू पाहिले नव्हते. लोकांच्या हाती आले ते फक्त आकडे. पण त्या आकड्यांमुळे जातीवरून नाक मुरडणाऱ्यांची पंचाईत झाली. हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना तरीही मिळालं नाही. १९२३ साली ते धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आलं. इथे छेदात एकेक बळी होता आणि भांडण माणसाच्या मानाचं.

बेसबॉलचा तिढा निराळ्या जागी अडकला. फलंदाजाने सोडलेले चार चेंडू स्ट्राइकच्या चौकटीबाहेर पडले की तो न मारता पहिल्या बेसवर जातो, त्याला वॉक म्हणतात. चॅडविकच्या मते ती पिचरची चूक, फलंदाजाचं कर्तृत्व कसलं? म्हणून वॉक सरासरीतून बाहेर. १८८७ साली एका हंगामापुरते वॉक फटक्यांत धरले गेले आणि टिप ओनीलची सरासरी ०.४९२ वर गेली. पुढे दुरुस्ती करून ती ०.४३५ केली गेली. त्याच ब्रुकलिनच्या डॉजर्सनी १९४७ मध्ये ॲलन रॉथ नावाचा आकडेतज्ज्ञ नोकरीला ठेवला. त्याच्या आधारे १९५४ साली डॉजर्सचे पूर्वीचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी ‘लाइफ’ साप्ताहिकात लिहिलं की वॉक धरलेच पाहिजेत, फलंदाज बेसवर किती वेळा पोचतो ते महत्त्वाचं. त्या आकड्याला अधिकृत मान्यता मिळायला १९८४ उजाडलं. मधल्या काळात बिल जेम्ससारख्या हौशी शौकिनांनी त्यावरून रान उठवलं, आणि २००३ च्या ‘मनीबॉल’ या पुस्तकाने ते जगाला कळलं.

पनवेलच्या सहा षटकांच्या क्रिकेटमध्ये सरासरीची अवस्था त्या वॉकच्या उलट झाली आहे: जी मोजायची सवय आहे तीच आता फारशी उपयोगाची राहिलेली नाही. डाव इतका छोटा की चांगला फलंदाज एक तर पहिल्या तीन चेंडूंत उडतो, नाहीतर शेवटपर्यंत टिकून नाबाद राहतो. अर्थात भागायचं चेंडूंनी. क्रिकहीरोजसारख्या ॲपवर चेंडू मोजणं स्कोअररच्या बोटांवर आलं आणि ‘बॉल किती खाल्ले’ याचं उत्तर शेवटचा चेंडू पडताच मिळू लागलं. डॉब्सनने बेसबॉलसाठी जे केलं तेच हे, फक्त दीडशे वर्षं उशिरा आणि बांधावर बसून.

२०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव मैदानावर टेनिस बॉलची व्यावसायिक इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली. तिथे ठरावीक अंतरापलीकडे मारलेल्या फटक्याला सहाऐवजी नऊ धावा ठेवल्या. ओव्हरथ्रो सोडले तर नेहमीच्या क्रिकेटमध्ये फटक्यांच्या जोरावर स्ट्राइक रेट ६०० च्या वर जात नाही. आता एका चेंडूत नऊ म्हणजे ९००. अंशातही आता भांडायला जागा झाली आहे.