शाळेच्या वेळी दुखणारे पोट

शिकण्यात अडचण असलेले मूल सोमवारी पोट दुखते म्हणते, रविवारी मात्र खेळते. हे नाटक नसते. भीतीनेही पोट खरेच दुखते. रागावण्याआधी कान, डोळे, फिट्स यांची तपासणी करा आणि शाळेत कुणी चिडवते का, शौचालय वापरता येते का, हे विचारा.

वाशिमसारख्या जिल्ह्यात अडचण वेगळीच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत मुले तपासते, आणि जे मूल घरी बसते तेच नेमके सुटते. पथक कधी येणार हे शिक्षकांना विचारा. त्या दिवशी मुलाला सोबत घेऊन जा. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास 2016 च्या कायद्याने 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. गैरहजेरी वाढली तरी शाळेतून नाव काढू नका.