लॅन (स्थानिक संगणकजाळे) : जोडणी व दोषशोध

एकाच इमारतीतील किंवा लगतच्या आवारातील संगणक, छपाईयंत्रे, कॅमेरे व मोबाइल यांना एकमेकांशी जोडणारी आणि एका समाईक दारातून इंटरनेटवर नेणारी व्यवस्था. हे दार म्हणजे राउटर. तारांची वाटणी स्विच करतो, आणि बाहेरून आलेल्या फायबरमधील प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर ओएनटी नावाची पेटी करते. घरगुती जोडणीत ही तिन्ही कामे आणि वायफाय एकाच डब्यात असतात, त्यामुळे दोष नेमका कुणाचा हे कळणे अवघड होते. तारेवरच्या लॅनचे रूढ तंत्र म्हणजे ईथरनेट. रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पॅलो आल्टो येथील संशोधन केंद्रात ते मांडले आणि १९८३ मध्ये त्याचे ८०२.३ हे मानक ठरले.

प्रस्तुत नोंदीत हा विषय कुरुंदवाड (ता. शिरोळ, जि. कोल्हापूर) या नगरपरिषदेच्या गावाच्या अंगाने घेतला आहे. पाठ्यपुस्तकांत जाळ्याची मांडणी खोल्या आणि टेबले पाहून शिकवतात. कृष्णा-पंचगंगेच्या संगमालगतच्या गावात ती आधी पुराची रेषा पाहून ठरवावी लागते.

पुराची रेषा : कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले. २००५ आणि २०२१ चे पूरही मोठे होते. शिरोळ तालुक्यात पंचगंगेबरोबर कृष्णेचेही पाणी मोजावे लागते. कृष्णा भरून चालली की पंचगंगेला पुढे वाट मिळत नाही, पाण्याला फूग येते आणि ते दिवसेंदिवस उतरत नाही. म्हणून तळमजल्यावरच्या दुकानात किंवा कार्यालयात राउटर, स्विच आणि कॅमेऱ्यांची नोंद ठेवणारा डीव्हीआर टेबलाखाली ठेवू नये. मागच्या पुराची खूण भिंतीवर असतेच. तिच्या वर, शक्य असेल तर माडीवर, सगळी यंत्रे एकत्र ठेवावीत आणि खाली फक्त तारा सोडाव्यात. तारा बदलणे स्वस्त पडते.

तारही पुरातून सहीसलामत सुटत नाही. लॅन केबलच्या टोकातून पाणी आत शिरले की ते आवरणाच्या आत तारांमधून पुढे ओढले जाते. वरून कोरडी दिसणारी केबल आत ओली राहते, आरजे-४५ जोडणीच्या टोकांवर हिरवट गंज चढतो आणि बिघाड काही आठवड्यांनी उघड होतो, तोही कधी चालू कधी बंद अशा रूपात. पाण्यात गेलेली केबल वाळवून पुन्हा वापरणे ही चुकीची काटकसर आहे. ओली यंत्रे लगेच चालू करून पाहणे त्याहून वाईट.

दोषशोधाचा क्रम : खालून वर जावे. आधी वीज, मग तार, मग पत्ता, मग नाव, आणि सर्वांत शेवटी सॉफ्टवेअर. प्रत्यक्षात बहुतेक लोक उलटे जातात. नेट बंद पडले की पहिला हात राउटरच्या मागच्या रिसेटच्या भोकाकडे जातो. बंद करून पुन्हा चालू करणे आणि रिसेट करणे यांत फरक आहे. रिसेटने सेवादात्याने भरलेले युजरनेम व पासवर्ड पुसले जातात, आणि पाच मिनिटांचा खोळंबा केबलवाला येईपर्यंतचा होतो.

ओएनटीवर लॉसचा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच पोहोचत नाही. अशा वेळी घरातली सेटिंग्ज पाहण्यात अर्थ नसतो. फायबर कुठे तुटली किंवा फार वाकली आहे ते पाहावे. हा दिवा नसेल आणि एकच संगणक अडला असेल, तर त्याच्या तारेच्या भोकाजवळचा छोटा दिवा पाहावा. दिवा नाही म्हणजे जोड नाही.

तार : लॅन केबलमध्ये ८ तारा, म्हणजे ४ जोड्या असतात. ५६८-बी या रूढ क्रमात पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी अशा त्या लागतात. हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी बसते, आणि नवशिका इथेच चुकतो : रंग ओळीने, जोडीला जोडी लावत जातो. दोन्ही टोकांना एकच चूक केली तर साधा टेस्टर १ ते ८ सगळे दिवे बरोबर दाखवतो, तरीही वेग पडतो, कारण एकमेकींभोवती पिळलेल्या तारांची जोडी फुटलेली असते. १०० मेगाबिटला १, २, ३ आणि ६ एवढ्याच तारा लागतात, गिगाबिटला आठही. त्यामुळे निळी किंवा तपकिरी तार तुटली तर बरीच यंत्रे मुकाट्याने १०० वर उतरतात आणि ग्राहक सेवादात्याला बोल लावत राहतो.

एका केबलची मर्यादा १०० मीटर. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते. तिचा रोध जास्त असल्याने त्याच तारेतून वीज घेणारे लांबचे कॅमेरे रात्री, त्यांचे दिवे लागले की, बंद पडतात. कॅमेरा बदलून हा दोष जात नाही.

पत्ते : लॅनमधील प्रत्येक यंत्राला राउटर तात्पुरता पत्ता देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. खासगी जाळ्यांसाठी हे पत्ते राखून ठेवण्याची व्यवस्था १९९४ पासूनची आहे. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून उत्तरच मिळालेले नाही. पुन्हा तार पाहावी. वायफायची पोच वाढवण्यासाठी जुना राउटर जोडला आणि त्याचे पत्ते वाटणे बंद केले नाही, तर एका घरात दोन कारभारी होतात. काहींचे नेट चालते, काहींचे नाही, आणि छपाईयंत्र कुणालाच सापडत नाही. जुन्या राउटरची पत्ते वाटणारी डीएचसीपी बंद करावी, त्याला वेगळा स्थिर पत्ता द्यावा आणि तार त्याच्या लॅनच्या भोकात लावावी.

सगळी कचेरी एकदम ठप्प झाली आणि स्विचचे दिवे वेड्यासारखे लुकलुकू लागले, तर एखाद्या केबलची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये गेली आहेत का ते शोधावे. साफसफाईनंतर मोकळे लोंबणारे टोक दिसेल त्या भोकात खोचण्याची सवय याला कारण ठरते. संदेश गोल फिरत वाढत जातात. यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये उपाय शोधला, पण साध्या स्वस्त स्विचमध्ये तो नसतो.

इंटरनेटवरील ८.८.८.८ या पत्त्याला पिंग केल्यावर उत्तर येते, पण संकेतस्थळ उघडत नाही, तेव्हा दोष नावाचा पत्ता शोधणाऱ्या डीएनएसमध्ये असण्याचा संभव मोठा. सेवाकेंद्रांत ऐकू येणारे ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य अनेकदा खरे असते. मात्र इतर संकेतस्थळे उघडतात का, हे पाहिल्याशिवाय ते उच्चारू नये.

वायफाय : जुन्या वाड्यांच्या जाड भिंती लहरी अडवतात, ५ गिगाहर्ट्‌झच्या तर अधिकच. दाट वस्तीत २.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल निवडावा. वाडा मोठा असेल तर जास्त अँटेनांचा महाग राउटर घेण्यापेक्षा एक तार ओढून पलीकडे दुसरा ठेवलेला बरा.

वीज कोसळणे : वळवाच्या पावसात दोन इमारतींमध्ये हवेतून नेलेली तांब्याची केबल दोन्हीकडची यंत्रे जाळू शकते. वीज थेट त्या केबलवर पडावी लागते असेही नाही. जवळ पडली तरी तारेत दाब निर्माण होतो, शिवाय दोन इमारतींचे अर्थिंग सारखे नसते. अशा ठिकाणी फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर वापरावेत. काच वीज वाहून नेत नाही. पण घराकडे येणाऱ्या फायबरला आधारासाठी पोलादी तार असेल, तर ती यंत्रापर्यंत आणू नये.

जिल्ह्यातील पूर्वानुभव : १९९८ मध्ये पन्हाळा तालुक्यातील वारणानगरला केंद्र करून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, राज्य शासन आणि वारणेचा सहकारी समूह त्यात होते. गावोगावच्या केंद्रांवरून शेतीमाहितीपासून शासकीय सेवांपर्यंत पुष्कळ काही मिळावे अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात केंद्रे मुख्यतः उसाच्या वजनाच्या, तोडीच्या आणि खताच्या हिशोबासाठी वापरली गेली. संगणक सांभाळणे खर्चिक ठरत होते. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइल आणि एसएमएस वापरून तेच काम चालवून दाखवले, आणि ते स्वस्त पडले. जाळे मांडण्याचा खर्च सगळे धरतात, सांभाळण्याचा धरत नाहीत. या प्रकल्पाची चर्चा करताना हा भाग क्वचितच येतो.

सांभाळणुकीत सर्वांत स्वस्त साधन म्हणजे चिठ्ठी. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवावा. राउटरचा पत्ता आणि सेवादात्याने दिलेले युजरनेम वहीत लिहून ती वही माडीवर ठेवावी. राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. नवा पासवर्ड डब्यावर लिहू नये.