कुरारे : एका रानटी समजल्या गेलेल्या धंद्याची कैफियत

इ. स. १८०० च्या मे महिन्यात जर्मन प्रवासी अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट आणि त्याचा फ्रेंच सहकारी बाँप्लाँ हे स्पेनच्या अंमलाखालील ओरिनोको नदीच्या वरच्या खोऱ्यात, एस्मेराल्दा नावाच्या लहानशा वस्तीत पोहोचले, तेव्हा तेथील एका वृद्ध विषकाराने त्यांना आपल्या धंद्याची समग्र कृती करून दाखवली. रानवेलीची साल खरवडून कुटणे, तो लगदा केळीच्या पानाच्या सुरळीतून थंड पाण्याने थेंब थेंब गाळणे, मातीच्या भांड्यांत तो अर्क आटवणे आणि अखेरीस दुसऱ्या एका झाडाचा चिकट रस मिसळून बाणाच्या टोकास धरेल इतका दाटपणा आणणे, या साऱ्या क्रियांत तो असा निष्णात होता, की निःशब्द मारणारे आपले विष गोऱ्यांच्या बंदुकीच्या दारूहून श्रेष्ठ आहे, असे सांगताना त्याला यत्किंचितही संकोच वाटला नाही. पाक कितपत उतरला हे जिभेवर घेऊन, कडवटपणावरून ठरवले जाई. कारण रक्तात मिसळल्यावाचून हे विष बाधत नाही, आणि म्हणूनच त्याने मारलेल्या शिकारीचे मांस निर्धास्तपणे खाता येते, हे त्या कारागिरांना पूर्वापार अवगत होते.

कुरारे या नावाने युरोपात पोहोचलेल्या या पदार्थाने तेथील पंडितांना घातलेला पेच असा, की विषबाधा झालेला प्राणी शिथिल होतो आणि श्वास थांबल्यावरही त्याचे हृदय काही काळ चालूच राहते. इ. स. १८१४ मध्ये लंडन येथे चार्ल्स वॉटरटन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कुरारे टोचलेल्या गाढविणीच्या श्वासनलिकेत भात्याने हवा भरत राहून तिला वाचवले, तेव्हा हे विष काहीही उद्ध्वस्त न करता केवळ अडवून धरते, हे उघड झाले. आणि शास्त्राच्या कामी आला तो त्याचा हाच गुण होय. पुढे फ्रान्समध्ये क्लोद बर्नार याने बेडकावर प्रयोग करून दाखवले, की कुरारेनंतर मज्जातंतूला विजेचा झटका दिला असता स्नायू हलत नाही, मात्र तोच झटका प्रत्यक्ष स्नायूला दिल्यास तो आकुंचन पावतो. मज्जातंतू तोडून निकामी केल्यावरही निकोटीन स्नायूला आकुंचित करते आणि कुरारे त्यास मज्जाव करते, हे पाहून केंब्रिजच्या जॉन लँगलीने १९०५ मध्ये स्नायूच्याच ठायी एखादे ‘ग्राही द्रव्य’ असले पाहिजे, असा निष्कर्ष काढला. आणि मज्जातंतूचा हुकूम त्या द्रव्यापर्यंत पोहोचवणारे रसायन असेटिलकोलिन होय, हे १९३६ पर्यंत हेन्री डेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सप्रमाण दाखवले.

हा ग्राही म्हणजे स्नायुपेशीच्या पातळ पटलात बसलेला पाच प्रथिनखंडांचा घेर असून त्याच्या मध्यातून एक अरुंद मार्ग जातो. असेटिलकोलिनचे दोन रेणू आपापल्या नियत जागी बसले, की तो मार्ग सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरता उघडतो, आणि एरवी पटल ओलांडण्यास असमर्थ असलेले सोडियमचे आयन हजारोंच्या संख्येने आत शिरतात, काही पोटॅशियम बाहेर पडते, आतील ऋणभार घटतो आणि स्नायू आकसतो. कुरारे हा या गादीवरचा तोतया : तो जागा बळकावतो, परंतु शिक्कामोर्तबाचा अधिकार त्याच्यापाशी नसल्यामुळे द्वार बंदच राहते. आपल्याकडील मण्यारीच्या जातकुळीतल्या एका सर्पाच्या विषातून तैवानमधील संशोधकांनी १९६३ मध्ये वेगळे काढलेले प्रथिन त्याच जागी इतके घट्ट चिकटते, की त्याच्या साहाय्याने विद्युत्‌मत्स्यांच्या अवयवांतून हा ग्राही अलग करणे शक्य झाले. आणि १९७६ मध्ये गटिंगेनच्या एर्विन नेहर आणि बेर्ट साकमान यांनी बेडकाच्या स्नायूवर काचेची सूक्ष्म नळी टेकवून एकेका मार्गातून वाहणारा प्रवाह मोजला.

दरम्यान २३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रियल येथे हॅरल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचे स्नायू सैल करण्यासाठी शुद्ध केलेले कुरारे टोचले होते. आज त्याची जागा रोक्युरोनियमसारख्या औषधांनी घेतली असली, तरी तीही त्याच ग्राहीची तीच जागा अडवतात, तोवर भूलतज्ज्ञ यंत्राच्या साहाय्याने रुग्णाचा श्वास चालू ठेवतो, आणि अंमल उतरताच द्वार पुन्हा मोकळे होईल, या खात्रीवरच हा सारा व्यवहार चालतो.