जुन्या मालाचे नवे जीवन : डहाणू-तलासरीच्या बांधकामाचा मागोवा

जीर्ण झालेल्याचा उद्धार, तो जीर्णोद्धार. जुने पाडून त्या जागी नवे उभारणे एवढाच त्याचा अर्थ नव्हे. जुन्यातील जे धड आहे ते राखावे, जे निकामी झाले ते बदलावे आणि निघालेल्या मालासही काही ना काही काम द्यावे, ही त्यामागील दृष्टी होय. आज शहरांतून बांधकाम मालाच्या पुनर्वापराचा विचार मोठ्या आग्रहाने मांडला जातो. डहाणू-तलासरीच्या मातीला मात्र तो नवा नाही.

या भागातील आदिवासी बांधवांचे जुने घर पाहावे. सागाचे खांब, त्यांवर तुळया व आढे, कारवीच्या काठ्यांचे कूड आणि वर शेणमातीचा लेप. घर जुने झाले की कुडाची माती मातीस मिळते. खांब व वासे नव्या घरास लागतात. खांबाचा बुंधा कुजला तर तेवढाच कापून उरलेला भाग पडवीस किंवा गोठ्यास वापरावा, ही रीतच आहे. 1865 साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला आणि पुढे मंगळोरी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोहोचली. ही कौले एकमेकांत अडकवून नुसती मांडलेली असतात, त्यामुळे ती उतरवून पुन्हा दुसऱ्या छपरावर चढविता येतात.

देवालयांच्या बाबतीतही असाच दाखला मिळतो. 1739 च्या आरंभी चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूर, डहाणू ही ठाणी मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतली आणि मे महिन्यात वसईचा किल्ला पडला. या मोहिमेनंतर चर्चमधील मोठमोठ्या घंटा महाराष्ट्रातील मंदिरांत आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेवर 1721 हे साल आहे; वाईजवळील मेणवलीची घंटा 1707 सालची आहे. त्या काळी घंटेचे धातू वितळवून तोफा ओतण्याचा प्रघात होता. या घंटा मात्र वितळल्या गेल्या नाहीत. त्यांना दुसरे घर मिळाले आणि त्यांचे काम तेच राहिले.

हा क्रम तुटला तो सिमेंट आल्यावर. चुन्यात बसविलेली वीट हलक्या हाताने सुटते, घासून पुन्हा लावता येते. सिमेंटमधील वीट सुटण्याऐवजी फुटते. मग इमारत पाडली की उरतो तो राडारोडा, आणि तो खाडीत किंवा ओसाड जागी फेकला जातो. डहाणू-तलासरीच्या लोकांना याचे दुःख अधिक असावे. येथील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर मुलाबाळांसह भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. शेताची सुपीक माती आणि माणसांचा घाम यांतून घडलेली वीट काही वर्षांत खाडीचा भराव व्हावी, हे कोणत्याही हिशोबाने परवडणारे नाही.

या हिशोबाला डहाणूतच एक नवे वळण मिळाले. 1995-96 च्या सुमारास येथील 500 मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. कोळसा जळाल्यावर राखेचा प्रश्न आला. 20 जून 1991 च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरलेला होता. तेव्हा राख कोठेही टाकून भागण्यासारखे नव्हते. पुढे 14 सप्टेंबर 1999 रोजी केंद्र सरकारने अशा केंद्रांपासून 50 किलोमीटरच्या आतील मातीच्या विटांत निदान 25 टक्के राख मिसळावी असा नियम केला. पुढे हे अंतर वाढविण्यात आले. राख सिमेंटमध्येही जाते. टाकाऊ राखेने शेताची माती वाचते, ही गोष्ट लहान नव्हे.

शहरांसाठीही 2016 साली नियम झाले. मोठे बांधकाम करणाऱ्याने काँक्रीट, विटा, लोखंड, लाकूड वेगवेगळे करावे असे त्यांत सांगितले होते. त्याच वर्षी भारतीय मानकाने साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत, तर सळईच्या काँक्रीटमध्ये एम-25 प्रतीपर्यंत 20 टक्के, जुन्या काँक्रीटची खडी चालेल असे ठरविले. मुंबईच्या राडारोड्यावर प्रक्रिया करणारे प्रकल्पही उभे राहिले.

तथापि जुने ते सारेच सोने नव्हे. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी व तलासरी परिसराला भूकंपाच्या धक्क्यांनी हैराण केले. 1 फेब्रुवारी 2019 रोजी तर चार रिश्टरहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. घरांना तडे गेले आणि लोकांनी थंडीत उघड्यावर, तंबूत रात्री काढल्या. म्हणून पोखरलेली तुळई किंवा भेगाळलेला दगड केवळ श्रद्धेपोटी भार वाहणाऱ्या जागी बसवू नये. धड दगड पायऱ्यांस, फुटक्या विटा जोत्याच्या भरावास, चांगले लाकूड दारे-चौकटींस द्यावे. भिंतीस पट्टा आणि छपरास बंध मात्र जाणत्या अभियंत्याच्या सल्ल्यानेच घालावा.

देवळाचे काम अनेकांच्या हातांनी होते. कोणी रोख रक्कम देतो, कोणी बैलगाडी, कोणी श्रमदान. ज्या पूर्वजांनी जुन्या वास्तूचे दगड वाहिले, त्यांचीही ती देणगीच आहे. देणगीच्या पावतीवर त्यांची नावे नसतील. परंतु त्यांचा दगड पायरीत राहिला, तर येणाऱ्या प्रत्येक भाविकाचे पाऊल त्यांच्याही श्रमावर पडेल.