येझदी घ्यावी की नाही? एका जुन्या मोटारसायकलीचे साधन-परीक्षण

आजचा धागा एका मोटारसायकलीविषयी आहे. तिच्यात माझी स्वतःची सारी बचत गुंतण्याची शक्यता असल्याने नेहमीची तटस्थता आज पूर्णपणे पाळली जाईलच, अशी खात्री देत नाही.

साताऱ्याजवळच्या एका गावात १९८४ची नोंदणी असलेली येझदी रोडकिंग विकाऊ आहे. विक्रेता एक लाख दहा हजार रुपये मागतो. दोन वर्षे शिकवण्या घेऊन आणि शिष्यवृत्तीतून वाचवून माझ्याकडे एक लाख चाळीस हजार जमले आहेत. गाडी नावावर करणे, पासिंग आणि इंजिनाचे काम धरले तर हाती काहीच उरत नाही. वडिलांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "अगं, एवढ्या पैशांत नवी कोरी स्कूटर येते. वर वॉरंटी मिळते." त्यांचे म्हणणे खोडून काढणे मला जमले नाही. मात्र त्यातून निघालेला प्रश्न माझ्या विषयातला आहे : चाळीस वर्षे वापरलेल्या यंत्राला नव्या यंत्राइतकी किंमत येते कोठून?

उत्तर शोधायला परवाना-काळात जावे लागते. १९५१च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने कारखाना काढायचा की नाही आणि त्यात किती माल काढायचा, हे दोन्ही सरकारी परवान्याच्या कक्षेत आले. परकीय चलन तुटपुंजे असल्याने परदेशी वाहनांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. साठच्या दशकात भारतीय मोटारसायकल म्हणजे मुख्यतः तीन नावे होती : मद्रासची एन्फिल्ड बुलेट, फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सची राजदूत आणि म्हैसूरची जावा. बुलेट मूळची इंग्लंडची, राजदूत पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली, तर जावा चेकोस्लोव्हाकियाची. तिघींपैकी दोघी पूर्व युरोपातून आल्या हा निव्वळ योगायोग नसावा, असे मला वाटते. त्या देशांशी आपला बराच व्यापार रुपयांत चाले. डॉलर-पौंड मोजण्याची गरज तेथे कमी भासे.

स्कूटरची अवस्था तर आजच्या पिढीला खरी वाटणार नाही. बजाजची स्कूटर नोंदवून आठ-आठ, दहा-दहा वर्षे वाट पाहावी लागे. स्कूटरच्या वाटपावर आणि विक्रीवर सरकारी नियंत्रण आदेश होता. परदेशात असलेल्या नातलगाने परकीय चलनात रक्कम भरली, तर मात्र गाडी लवकर मिळे. त्यामुळे वापरलेली स्कूटर कारखान्याच्या अधिकृत किमतीपेक्षा जास्त दराने विकली जाई. नव्या स्कूटरची किंमत ठरलेली होती, पण ती हातात पडत नव्हती. जुनी आजच मिळत होती. तो जादा पैसा मुख्यतः वाचलेल्या प्रतीक्षेचा होता. जुनी वस्तू नवीपेक्षा महाग असण्याचा प्रकार आपल्याकडे हौशी संग्राहकांनी सुरू केला, असा समज असेल तर तो सोडावा. ते काम टंचाईने कितीतरी आधी केले होते.

आता म्हैसूरकडे वळू. 'जावा' हे नाव दोन नावांच्या जोडणीतून आले. फ्रांटिशेक यानेचेक या चेक उद्योजकाने वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलीचे आरेखन घेतले आणि १९२९मध्ये 'यानेचेक' व 'वांडरर' यांची पहिली दोन-दोन अक्षरे जोडून हे नाव घडवले. भारतात रुस्तम आणि फारूख इराणी यांनी १९६०मध्ये म्हैसूरला आयडियल जावा ही कंपनी उभी केली. यादवगिरीच्या कारखान्यातून १९६१पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. सत्तरच्या दशकात त्याच कारखान्याची गाडी 'येझदी' नावाने विकली जाऊ लागली. या नावाच्या दोन व्युत्पत्ती सांगितल्या जातात. एक इराणमधल्या यझ्द शहराकडे जाते, आणि मालक इराणी असल्याने ती लगेच पटते. दुसरी चेक भाषेकडे जाते, कारण त्या भाषेत 'येझ्दी' म्हणजे 'तो वाहनाने जातो'. दोन्ही इतक्या सुबक आहेत की मला दोहोंविषयी थोडा संशय वाटतो.

रोडकिंग १९७८ची. सुमारे अडीचशे सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, एकच सिलिंडर, तरीही दोन सायलेन्सर. किक आणि गिअर यांसाठी एकच दांडी : ती आत दाबून वर फिरवली की किक होते, पुन्हा खाली आणली की तीच गिअर टाकते. पहिल्यांदा बसणारा माणूस किक कोठे आहे ते शोधत राहतो. मीही शोधली. पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल मोजून मिसळावे लागते. लिटरला तीसच्या आसपास किलोमीटर मिळाले तर गाडी चांगली म्हणायची.

हाच हिशेब पुढे तिच्या मुळावर आला. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात सरकारने जपानी कंपन्यांशी भागीदारीचे दार उघडले. इंड-सुझुकी १९८४ची, हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० ही १९८५ची. सीडी १०० फोर-स्ट्रोक होती. ऑईल मिसळायचा व्याप नव्हता आणि एका लिटरमध्ये येझदीच्या दुपटीहून अधिक अंतर जात होती. मला विकली जाणारी येझदी कारखान्यातून निघाली ते वर्ष १९८४. तिच्या पहिल्या मालकाने गाडी घेतली, तेव्हा ती प्रतिष्ठेची वस्तू होती. पहिले टायर झिजेपर्यंत ती जुन्या जमान्याची ठरली असणार. नव्वदच्या दशकात प्रदूषणाचे नियम आले आणि वाढत गेले. १९९६मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत कित्येक येझदी भंगाराच्या वजनाने गेल्या. ज्या उरल्या त्यांतल्या बऱ्याच शेतात, गोठ्यात किंवा जिन्याखाली उभ्या राहिल्या म्हणून उरल्या. २०१८मध्ये जावा आणि २०२२मध्ये येझदी ही नावे नव्या कंपनीच्या गाड्यांवर परतली. या पुनरागमनाने जुन्या गाड्यांचा भावही वर नेला, असे जुन्या बाजारातले लोक सांगतात.

म्हणजे एकाच गाडीच्या किमतीत तीन काळ दिसतात. आधी टंचाई, मग अडगळ, आता हौस. एक लाख दहा हजारांत लोखंडाचा वाटा किती आणि हौसेचा किती, हे वेगळे केल्याशिवाय व्यवहार करू नये, एवढे मी ठरवले.

वेगळे करायचे कसे? आपल्याला पहिल्या सत्रातच शिकवतात : साधनाचे बहिरंग परीक्षण आधी, अंतरंग परीक्षण नंतर. राजवाड्यांनी १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करताना बखरींवर इतकी टीका का केली, हे मला जुन्या गाडीच्या विक्रेत्यासमोर बसल्यावर नीट समजले. कारण विक्रेता सांगतो ती बखर असते. "ताई, एक हाती गाडी आहे. इंजिन कधी उघडलेलंच नाही. लष्करातल्या साहेबांची होती." बखरीत सत्य नसते असे नाही, परंतु ते अस्सल कागदाशी ताडून पाहावे लागते.

अस्सल कागद म्हणजे आरसी बुक. आजच्या स्मार्ट कार्डावर या गाडीची पिढी जन्मलेली नाही. तिचे पुस्तक असते, हाताने भरलेले, शिक्क्यांनी जड झालेले. त्यावरचा नोंदणी क्रमांक आधी वाचावा. मोटार वाहन कायदा, १९८८ हा १ जुलै १९८९ रोजी लागू झाला आणि त्यानंतर एमएच-११, एमएच-१२ अशी जिल्हावार मालिका रुळली. त्याआधीच्या क्रमांकात तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे आकडे असत. तेव्हा १९८४च्या गाडीवर एमएच-११ची पाटी दिसली, तर ती का बदलली ते विचारावे. या गाडीवर जुनीच तीन अक्षरे होती. मला बरे वाटले.

मग चेसिस क्रमांक. तो ठोकलेला असतो. अक्षरांची खोली, ओळ, आजूबाजूचा रंग हे सारे पाहावे. आपण शिलालेखाचे करतो तेच. घासून पुन्हा ठोकलेली जागा बोटाला कळते. तो जुळला. इंजिन क्रमांकही पुस्तकाशी जुळला.

यानंतर मी पुस्तकाची पाने उलटली आणि बखर कोसळली. 'एक हाती' गाडीवर दोन हस्तांतरणांच्या नोंदी होत्या. शेवटची १९९७ची, कराडच्या एका गृहस्थांच्या नावे. विक्रेत्याचे नाव त्यात कोठेच नव्हते. त्याच्या वडिलांनी २००९मध्ये ती कराडच्या गृहस्थांकडून रोखीने घेतली, टीटी फॉर्मवर सही घेऊन ठेवली आणि तो फॉर्म कधी आरटीओत दिलाच नाही. सही खरी असावी, पण फॉर्मवर तारीख नाही. सही करणारे गृहस्थ पुढे वारले. नोंदणीची पहिली पंधरा वर्षे १९९९मध्ये संपली, नंतर पाच-पाच वर्षांची दोन नूतनीकरणे झाली आणि २००९नंतर एकही नाही.

"एवढं सगळं कोण बघतं, ताई? गाडी तर समोर उभी आहे ना?" विक्रेता म्हणाला. तो लबाडी करत होता असे मला वाटत नाही. गावोगाव असेच व्यवहार झालेले आहेत. परंतु त्याचा परिणाम कोणावर होतो ते पाहा. फेब्रुवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निर्णय दिला. एक मोटार हातोहात विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्याच्या नावे राहिली होती, आणि अपघात झाला. न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर टाकली. म्हणजे २००९नंतर या येझदीखाली कोणी सापडले असते, तर कायद्याने बोट कराडच्या त्या गृहस्थांकडे दाखवले असते. आणि त्यांना गाडी कोठे आहे हेही ठाऊक नसते.

मृत मालकाची गाडी विकायची तर आधी ती वारसाच्या नावे करावी लागते. त्यासाठी नमुना ३१ आहे. मग वारसाकडून माझ्याकडे २९ आणि ३०. जुनी नोंद संगणकावर नसेल तर बॅकलॉग चढवायचा. त्यापुढे पासिंग, विलंबाचा दंड, पर्यावरण कर, विमा, पीयूसी, नवी सुरक्षा पाटी. दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्कच १ एप्रिल २०२२पासून ३०० रुपयांचे १,००० झाले आणि नंतरही वाढत गेले. 'विंटेज' म्हणून नोंदवण्याची वाट काही मित्रांनी सुचवली. तिला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक वय लागते, वीस हजार शुल्क लागते, आणि अशी गाडी रोजच्या वापरास रस्त्यावर आणता येत नाही. मला ती विद्यापीठात न्यायची आहे.

यंत्राचे परीक्षण करण्यासाठी पुण्याहून एका मिस्त्री काकांना बरोबर नेले. त्यांचा पहिला प्रश्न, "भावासाठी बघताय का?" दुसरा मात्र कामाचा होता : "इंजिन गार आहे ना?" आम्ही येण्यापूर्वी गाडी चालू करून ठेवलेली असेल, तर अर्धा पुरावा नष्ट होतो. ती गार होती. सहाव्या किकेला लागली. टू-स्ट्रोक धूर देणारच. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर दाट राहिला आणि गिअर ऑईलचा जळका वास आला, म्हणजे क्रँकचे सील गेले आहे, असे काकांचे निदान. 'कधी न उघडलेल्या' इंजिनाच्या हेडवरील नटांच्या कडा पान्याने गोल झालेल्या होत्या. हेड उघडून पिस्टनच्या माथ्यावरचा ओव्हरसाइझचा आकडा पाहिला की बोअर किती वेळा झाले ते समजेल. टाकीत टॉर्च टाकला तर गंज. आजच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला पाणी धरण्याची सवय आहे, आणि जुन्या रबराशीही त्याचे जमत नाही. तेव्हा टाकी, पाइप आणि कार्बोरेटरचे रबर धरून चालायचे. काकांनी खर्चाचा अंदाज पस्तीस हजारांचा सांगितला आणि जाता जाता म्हणाले, "आवाज मात्र खरा आहे हो."

हा शेवटचा शेरा मी हिशेबातून वगळण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला.

मागितलेली किंमत ही कागद पूर्ण असलेल्या, सील शाबूत असलेल्या येझदीची आहे. समोर उभी असलेली गाडी तशी नाही. मी पासष्ट हजार सांगितले, तेही वारस उभा राहिला तरच. विसार दिला नाही. विक्रेत्याने नकार दिला नाही. वारस कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हते. म्हणून आरसी बुकातला पत्ता घेऊन मी कराडला गेले.

घर बदलले होते, पण शेजाऱ्यांनी मुलाचा क्रमांक दिला. ते आता पिंपरीत राहतात, वय पन्नाशीचे असावे. मी शक्य तितक्या औपचारिक भाषेत सर्व सांगितले : नोंद, फॉर्म, नमुना ३१. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ती गाडी अजून आहे? दादांनी विकली तेव्हा मी तिकडे नव्हतो. मला वाटलं, भंगारात गेली." त्यांनी रंग विचारला. टाकीच्या डाव्या बाजूला पोचा आहे का, ते विचारले. आहे. तो त्यांनीच शाळेत असताना पाडला होता.

नंतर त्यांनी विचारले, "आणि मलाच ती परत घ्यावीशी वाटली तर?"

कागदावर ती आजही त्यांच्या वडिलांची आहे. विक्रेत्याच्या वडिलांनी २००९मध्ये पैसे मोजले होते, हेही तितकेच खरे. मी तर अजून एक रुपयाही दिलेला नाही. मी त्यांना एवढेच म्हणाले की, काका, आधी गाडी पाहा. येत्या रविवारी आम्ही दोघे एकाच एसटीने साताऱ्याला जात आहोत. मिस्त्री काका हेड उघडायला पाने घेऊन येणार आहेत.