गावाच्या आरोग्याचे दहा हजार रुपये

‘डॉक्टर, सरकारचा आरोग्याचा पैसा जातो तरी कुठे?’ हा प्रश्न पेशंट नेहमी विचारतात. त्यातला एक छोटा वाटा थेट गावात येतो आणि तो कशावर खर्च करायचा, हे गावानेच ठरवायचे असते. हे कसे घडले, ते आज पाहू.

१९४६ साली भोर समितीने अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे त्याचे मुख्य सूत्र होते. गावोगावी आरोग्य समित्या असाव्यात, असेही त्यात सुचवले होते. प्रत्यक्षात दवाखाने उभे राहिले, पण निर्णय वरूनच होत राहिले. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण आरोग्याचे बरेचसे काम त्यांच्याकडे आले. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. पंचायतींकडे सोपवता येतील अशा २९ विषयांच्या यादीत आरोग्य आणि स्वच्छताही आली. विषय मिळाला, पण हातात पैसा फारसा नव्हता.

तो आला १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून. गावाच्या आरोग्य समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत ‘अबंधित निधी’ मिळू लागला. अबंधित म्हणजे कोणत्याही एका ठरावीक कामाशी न बांधलेला. पुढे १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली. उपकेंद्रांच्या इमारती आणि तपासण्यांच्या सोयी हा त्याचा एक मोठा भाग होता.

दहा हजारांत काय होणार, असे वाटेल. वाडीवरच्या बाईला रात्री कळा सुरू झाल्या आणि घरात गाडीभाड्याचे पैसे नसले, तर याच निधीतून मदत करता येते. अगदी गरीब घराच्या उपचारांची निकड भागवण्याची मुभाही त्यात आहे. विहिरीत टीसीएल टाकणे, डबकी बुजवणे ही कामेही होतात.

इथे समान आणि समन्यायी यांतला फरक लक्षात घ्या. सगळ्यांना सारखे देणे म्हणजे समान. ज्याची गरज जास्त त्याला आधी देणे म्हणजे समन्यायी. सपाटीवर ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, तर डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक, हा निकष याच विचारातून आला. गावातही तेच लागू पडते. पैसा फलक रंगवण्यात गेला, तर दूरची वाडी होती तिथेच राहते.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न जरूर विचारा. आपल्या आरोग्य समितीत कोण आहे? यंदा किती निधी आला? तो कोणासाठी खर्च झाला? आशाताई आणि अंगणवाडीताई या कामात तुमच्या सोबत असतात. औषधाची चिठ्ठी मी देऊ शकतो, पण हे प्रश्न तुम्हालाच विचारावे लागतील.